पहिला चहा मोबाइलशिवाय
जुनी माणसं डोळे उघडले की आधी तळहात बघायची. आपल्या तळहातात मोबाइल असतो. म्हणून तो रात्रीच हॉलमध्ये चार्जिंगला लावा, गजरासाठी साधं घड्याळ घ्या. उठल्यावर चहाचं आधण ठेवा. ते उकळेपर्यंत खिडकीशी उभं राहून श्वास घ्या: 4 आकडे मोजत आत, 6 मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, एवढंच त्यामागचं गणित. मग चहा बसून प्या, ओट्याशी उभ्याने नाही. डबे, शाळेची रिक्षा, नळाचं पाणी हे असतंच; त्यामुळे तासाभराचे बेत आखू नका, 10 मिनिटं पुरे. पहिले दोन-तीन दिवस हात मोबाइल शोधतोच. शोधू दे.