शॅमेलिऑन पाणी पिईना, तेव्हा

आमचा व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही बघेना. डोळे खोल गेलेले, विष्ठेतला एरवी पांढरा असणारा भाग चक्क नारिंगी. म्हणजे अंगात पाणी कमी. हा प्राणी साचलेलं पाणी सहसा ओळखतच नाही, पानांवरचे थेंब चाटतो. मग बारीक भोक पाडलेला पाण्याचा डबा पिंजऱ्यावर ठेवला. खालच्या पानांवर टपटप सुरू झाली. एक डोळा तिकडे वळला, दुसरा माझ्यावरच रोखलेला (भारी संशयी!), मग हळूच जीभ बाहेर आली. विष्ठेतला तो भाग पुन्हा पांढरा दिसायला लागला.

खायला रातकिडे, आधी त्यांना गाजर चारायचं, मग कॅल्शियमची पूड लावायची. यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) हवाच, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही. उरलेले किडे रात्री काढून टाका, झोपलेल्या सरड्याला चावतात.