मोम्बासा ते केपटाउन: यादी शेवटच्या देशापासून

भारतीय पासपोर्टवर मोटरसायकलने आफ्रिका उभी उतरायची असेल, तर तयारीची यादी शेवटच्या देशापासून लिहायला घ्या. नकाशात आधी केनिया येतो, पण बेत अडतो तो दक्षिण आफ्रिकेवर. तिथला व्हिसा घरूनच काढून निघा. वाटेत एखाद्या वकिलातीत अर्ज टाकू म्हटलं, तर ‘तुम्ही इथले रहिवासी नाही’ एवढं सांगून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. हातात व्हिसा आला की त्यावर कोणत्या तारखेच्या आत शिरायचं आहे ते पाहा, कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि तिथून एकेक देश मागे मोजत या. बाकीचे व्हिसा, बोटीचं बुकिंग, ऑफिसची रजा, सगळं त्या खुणेवरून ठरतं. हे न करता ‘आधी निघू, पुढचं पुढे पाहू’ म्हणणारे टांझानियात पोचेपर्यंत मजेत असतात, पुढे मुक्काम कापायची वेळ येते.

कैरोपासून केपपर्यंत सलग जायचं स्वप्न पुष्कळांचं असतं, माझंही होतं. सध्या ते बाजूला ठेवा. इजिप्तमधून दक्षिणेला येणारा रस्ता सुदानमधून जातो आणि तिथे एप्रिल 2023 पासून युद्ध चालू आहे. कितीही आडवाटा शोधल्या तरी तो धोका पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरापासून चाकांवर निघावं म्हटलं तर पाकिस्तानची सीमा बंद. तेव्हा गाडी न्हावा शेवाहून बोटीने मोम्बासाला पाठवायची आणि आपण विमानाने मागून जायचं. यात कमीपणा मानू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं शतकानुशतकं मोसमी वाऱ्यांवर याच बंदराला लागत आली आहेत.

पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे पडतो आणि दक्षिणेकडे तो नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. जूनमध्ये मोम्बासा सोडलं तर दोन्ही चुकतात. म्हणजे कागदपत्रांना जानेवारीतच हात घाला.

सुरुवात पासपोर्टपासून. पानं संपत आली असतील तर 36 पानी न घेता 60 पानी मागा, फीमध्ये फरक थोडाच आहे. दक्षिण आफ्रिकेला दोन कोरी पानं लागतात, ती आधीच मनाने राखून ठेवा. पिवळ्या तापाची लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. आता ते आयुष्यभर चालतं, पण त्या प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड हरवलं तर परत येताना भारतातच सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. ते पासपोर्टच्या प्लास्टिकच्या कव्हरात असू द्या, बॅगेच्या तळाशी नको. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा असतो, तो उगाच सहा महिने आधी काढून ठेवू नका.

आता कार्ने. हे गाडीचं पासपोर्टपुस्तक. गाडी तात्पुरती आणली आहे, विकणार नाही, याची हमी त्यातून देशोदेशीच्या कस्टम्सना मिळते. मुंबईत चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे त्याची चौकशी करा. त्यासाठी मोठी रक्कम किंवा बँक गॅरंटी अडकते, आरसी बुक स्वतःच्या नावावर लागतं आणि गाडी हप्त्यावर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा. तिसरा पुस्तकातच राहतो आणि त्यावर येतानाचा व जातानाचा असे दोन शिक्के लागतात. एका नाक्यावर संध्याकाळच्या गर्दीत अधिकाऱ्याने तुकडा फाडला, पण उरलेल्या भागावर जातानाचा शिक्का मारायचा राहिला. मला कळलं रात्री लॉजवर, टॉर्चच्या उजेडात पानं उलटताना. सकाळी परत गेलो, तर माझा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता आणि तो वापरून झाला होता! पलीकडे पाऊल टाकता येईना. अर्धा दिवस दोन खिडक्यांच्या मध्ये उभा राहिलो, तेव्हा एका कारकुनाला दया आली आणि त्याने स्वतः पुस्तक पलीकडे नेऊन शिक्का आणून दिला. तो शिक्का नसता तर घरी येऊन हमीची रक्कम सोडवणं अवघड झालं असतं. म्हणून खिडकी सोडण्याआधी तिथेच दोन्ही शिक्के बोट ठेवून तपासा आणि फोनवर पानाचा फोटो काढा. मागे कितीही रांग असली तरी.

व्हिसांमध्ये एक सोय फार कामाची आहे. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून पूर्व आफ्रिकेचा एक संयुक्त पर्यटक व्हिसा देतात. शंभर डॉलर, 90 दिवस, तिघांत कितीही वेळा ये-जा. अर्ज मात्र ज्या देशात पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडेच करायचा. टांझानिया त्यात नाही आणि तिकडे गेलात की तो व्हिसा संपला असं समजा. म्हणून युगांडा-रवांडाचा फेरा आधी उरकून मग नमांगाच्या नाक्यावरून टांझानियातल्या अरुशाकडे उतरा. रवांडात गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे, बाकी सगळीकडे आपल्यासारखीच डावीकडून.

पुढे टांझानियाच्या सीमेवरच्या तुंडुमावरून झांबिया, मग बोट्स्वानाच्या सीमेवरचं काझुंगुला. इथे झांबेझी नदीवर 2021 साली पूल सुरू झाला. झिम्बाब्वेच्या हद्दीत पाय पडू नये म्हणून हा 923 मीटरचा पूल चक्क वाकवून बांधला आहे. व्हिसा वाचवत फिरणाऱ्या माणसाला तो पाहून बरं वाटतं. झिम्बाब्वे गाळून थेट बोट्स्वाना. तिथला व्हिसा नाक्यावर मिळेल असं धरू नका, तो आधीच हातात हवा.

गाडीच्या विम्यासाठी केनियातच कोमेसाचं, म्हणजे पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारसंघाचं, यलो कार्ड घ्या, ते झांबियापर्यंत चालतं. रोख डॉलर नव्या छापाचे आणि न दुमडलेले घ्या, त्यात लहान नोटा भरपूर. भारतातून एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच रोख नेता येतात.

गाडीची पेटी बांधताना लाकडावर कीड मारण्याच्या प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय आयएसपीएम-15 शिक्का आहे का ते स्वतः बघा. टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरीची तार सोडवा.

आणि दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा नाकारला गेला तर? तेव्हाही बेत मोडायचा नाही. नामिबियाचा व्हिसा काढायचा, बोट्स्वानातून पश्चिमेला वळायचं आणि वॉल्विस बे बंदरातून गाडी घरी पाठवायची. निघण्यापूर्वीच शिपिंग एजंटकडून केपटाउन आणि वॉल्विस बे, दोन्ही बंदरांचे दर लेखी मागवून कागदपत्रांच्या फायलीत लावून ठेवा.