एनसीसीची वर्दी: शालेय कॅडेटांनी या चुका टाळाव्यात

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी जवळ आले, की ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार भागांतल्या मराठी घरांत कॅडेट मुलामुलींच्या वर्दीची धांदल उडते, आणि ती बहुधा आदल्या रात्रीच उडते. मुलांची मेहनत कमी पडत नाही; ती भलत्या जागी खर्च होते. स्टार्च जास्त होतो, पॉलिशचे थर चढतात, बेरेट, म्हणजे वर्दीची गोल चपटी टोपी, मात्र दुकानातून आली तशीच डोक्यावर जाते. येथील सूचना मुख्यतः एनसीसीच्या (राष्ट्रीय छात्रसेनेच्या) स्थलसेना विभागाच्या खाकी वर्दीसाठी आहेत. बारीकसारीक बाबतीत आपल्या युनिटचा आदेशच अंतिम मानावा.

पहिली चूक कापड घेतानाच होते. अलीकडे वर्दीचा भत्ता थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था आली, त्यामुळे कापडाची निवड पुष्कळदा पालकांकडे आली आहे. शर्ट एका दुकानातून आणि पँट दुसऱ्या दुकानातून घेतली, तर खाकीच्या दोन छटा रांगेत दुरूनही ओळखू येतात. दोन्हींचे कापड एकाच ताग्यातून घ्यावे आणि शर्ट मळला तरी पँटही त्याच्याबरोबरच धुवावी, नाहीतर शर्ट आधी फिका पडतो. ‘वाढत्या अंगाचा आहे’ म्हणून दोन मापे मोठी वर्दी घेणे हे तर सर्रास दिसते. खांदे उतरलेल्या शर्टात कितीही ताठ उभे राहिले तरी पाठ वाकलेलीच दिसते. माप अंगाबरोबर द्यावे, पँटची लांबी बूट घालून मोजावी आणि शिंप्याला आतून भरपूर माया सोडायला सांगावे, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते.

सर्वांत जास्त चुका बेरेटच्या बाबतीत होतात. नवी बेरेट लोकरीची, ताठ आणि फुगीर असते. ती तशीच घातली तर डोक्यावर उभी राहते. काही मुले तिला उकळत्या पाण्यात बुडवतात आणि लोकर आटून टोपी लहान होते. कोमट पाणी पुरेसे आहे. बेरेट पूर्ण भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून जादा पाणी काढावे आणि आरशासमोर ओलीच डोक्यावर घालावी. पट्टी भुवयांच्या साधारण इंचभर वर, कपाळाला समांतर राहिली पाहिजे. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर यावा आणि उरलेले कापड उजवीकडे, कानाच्या दिशेने, तळहाताने दाबत खाली ओढावे. आकार धरेपर्यंत ती डोक्यावरच राहू द्यावी, मग सावलीत वाळवावी. मे महिन्यात आपल्याकडच्या गच्चीवरचे ऊन तिला पापडासारखी कडक करते. मागची फीत आवळून गाठ मारावी आणि तिची टोके आत खोचावीत, कारण मानेवर लोंबणारी फीत ही उस्तादांच्या, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या, नजरेत सर्वांत आधी भरते. टोपी मागे सरकवून पुढचे केस दाखवण्याची हौस या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

इस्त्रीबाबत एकच सांगतो: टेरिकॉटवर तापलेली इस्त्री थेट फिरवली की कापडाला चकाकी येते आणि ती पुन्हा जात नाही. वरून ओलसर सुती कापड ठेवावे. पँटवर जुन्या घडीशेजारी दुसरी घडी पडली असेल, तर ती रेघ पाणी शिंपडून आधी पूर्ण मोडावी आणि मगच नवी घडी घालावी.

बुटांची चमक पॉलिशच्या जाड थराने येत नाही. असा थर पहिल्याच कदमतालात तडकतो. जुना थर पुसून काढावा, सुती फडके बोटाला घट्ट गुंडाळून अगदी थोडे पॉलिश घ्यावे, थेंबभर थंड पाणी लावून टाचेवर आणि पुढच्या टोकावर लहान लहान वर्तुळे काढत राहावे, आणि पातळ थर वाळल्यावरच दुसरा द्यावा. बाजारातले झटपट चमक देणारे द्रव टाळावे. पितळी बकल ब्रासोने (धातू चमकवण्याच्या पॉलिशने) घासताना ते पट्ट्यातून काढून घ्यावे, म्हणजे कापडावर हिरवट डाग पडत नाहीत. अक्षरांच्या खाचांत उरलेली पांढरी भुकटी जुन्या टूथब्रशने काढावी. मुलामा दिलेल्या बिल्ल्याला मात्र ब्रासो लावू नये, मुलामा निघून जातो.

केसांत मुलांची नेहमीची अडचण अशी, की कानामागचे आणि मानेवरचे केस आखूड असतात, पण वरचा झुपका फॅशनचा असतो आणि बेरेट त्यावर टेकूनच राहते. कापणी परेडच्या दोन-तीन दिवस आधी करावी. मुलींचा अंबाडा उंच बांधला गेला, तर तो बेरेटला मागून वर ढकलतो आणि पुढची पट्टी कपाळावर घसरते. तो टोपीच्या कडेच्या खाली, मानेजवळ, जाळी लावून आणि काळ्या पिनांनी बसवावा. महिला अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी एनसीसीची अकादमी आपल्याच शहरात असताना इथल्या मुलींचा अंबाडा तरी ढिला नसावा, असे मला मनापासून वाटते.

सणांचा प्रश्न नाजूक आहे. राखीपौर्णिमा 15 ऑगस्टच्या आसपास येते आणि संक्रांतीची हळदीकुंकवे 26 जानेवारीच्या सुमारास चाललेली असतात. मनगटावरची राखी, गंडा, रंगीत बांगड्या, नेलपॉलिश हे वर्दीवर चालत नाही. मुलाला मैदानावर सर्वांदेखत राखी तोडावी लागणे वाईटच. घरूनच ती उतरवून देवघरात ठेवावी. धार्मिक कारणाने काही ठेवणे आवश्यक असेल, तर शाळेतील एएनओंना (एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांना) आधीच विचारावे. शीख कॅडेटांना पगडीची मुभा आहेच.

जानेवारीच्या धुक्यात आई आग्रहाने आतून रंगीत स्वेटर घालायला लावते आणि तो गळ्याशी डोकावतो. खोल गळ्याचा पातळ थर्मल घातला की ऊबही राहते आणि कॉलरही नीट बसते.

वर्दीची तयारी कॅडेटनेच करावी. पालकांनी फक्त शेवटी मागून पाहावे, कारण मागची फीत, पट्ट्यावरून निघालेला शर्ट आणि टाचेवरचा चिखल त्याला स्वतःला दिसत नाही. दप्तरात खाकी दोरा ओवलेली सुई, एक जादा बटण आणि सुके फडके ठेवावे. परेडहून परतल्यावर घामाने ओली झालेली बेरेट दप्तरात कोंबू नये. बिल्ला काढून ती उलटी करून वाळवावी आणि मगच कपाटात ठेवावी.