साताऱ्याच्या सरन्यायाधीशांवर भाषण किंवा प्रोजेक्ट करताय? मग आधी निकाल उघडा

साताऱ्यात न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे आठवतात, माहुलीचे, राघोबादादाला तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगणारे. ते आठवलेच पाहिजेत. पण याच साताऱ्यात १६ मार्च १९०१ ला जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर देशाचे सरन्यायाधीश झाले हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते भाषणात नुसती पदांची यादी वाचतात. मला मनापासून वाटतं की न्यायाधीशाचं आयुष्य त्याच्या निकालात सापडतं, म्हणून ही पद्धत सांगतोय, वक्तृत्व स्पर्धा असो नाहीतर लॉ कॉलेजचा प्रोजेक्ट, दोन्हीला चालते.

पहिल्यांदा चरित्राचा सांगाडा वहीत अर्ध्या पानात उरकून टाका, त्याच्यापुढं जाऊ नका. वडील संस्कृतचे पंडित, घराणं मूळचं कर्नाटकातल्या गजेंद्रगडचं. पुण्यात डेक्कन कॉलेजमधून १९२४ ला एमए, १९२६ ला लॉ कॉलेजमधून एलएलबी, मग मुंबई हायकोर्टात अपील साइडला, म्हणजे खालच्या कोर्टाच्या निकालांविरुद्धच्या अपिलांत, वकिली. १९४५ ला हायकोर्टाचे जज, १९५७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात, आणि १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ सरन्यायाधीश. नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, मग लॉ कमिशनचे चेअरमन, १९७२ ला पद्मविभूषण, १२ जून १९८१ ला निधन. झालं एवढंच.

आता खरं काम. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर डिजिटल एससीआर (सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, म्हणजे कोर्टाच्या निकालांचा अधिकृत संग्रह) आहे, फुकट आहे, मोबाइलवर पण उघडतं. नाव टाकून शोधलं तर रिझल्टचा ढीग येईल म्हणून सायटेशन, म्हणजे निकाल कुठल्या वर्षाच्या, कुठल्या खंडात, कुठल्या पानावर छापलाय तो संदर्भ, टाका. सुरुवातीला 'एम. आर. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य' घ्या, [१९६३] सप्लिमेंट १ एससीआर ४३९ (ऑल इंडिया रिपोर्टर या दुसऱ्या संग्रहात एआयआर १९६३ एससी ६४९). उघडलं की वर पक्षकारांची नावं, तारीख, बेंचवरचे जज, मग हेडनोट. इथं सगळे फसतात. हेडनोट म्हणजे रिपोर्ट तयार करणाऱ्यांनी काढलेला सारांश असतो, कोर्टाचे शब्द नव्हेत, तिथून वाक्य उचलून 'गजेंद्रगडकर म्हणाले' असं लिहू नका. खाली जात राहा, 'हा निकाल अमुक न्यायमूर्तींनी दिला' अशा अर्थाची ओळ येते, तिथं त्यांचं नाव दिसलं की तिथून पुढं वाचायचं. बेंचवर नाव आहे म्हणजे निकाल त्यांनीच लिहिला असं नसतं हो, हे तपासल्याशिवाय एक ओळ लिहू नका.

बालाजीच का, तर सध्या आपल्याकडं पारावर, चहाच्या गाड्यावर, सगळीकडं आरक्षणाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेवर बोलणं चालू असतं आणि ती मर्यादा ज्या निकालापासून सुरू झाली तो या साताऱ्यात जन्मलेल्या माणसानं लिहिलाय. म्हैसूर सरकारनं १९६२ च्या आदेशात इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या, मागास २८, अतिमागास २२, अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ३, बेरीज तुम्हीच करा. कोर्टानं तो आदेश रद्द केला. पण परिच्छेद नीट वाचा, ते म्हणतात साधारणपणे, ढोबळमानानं बोलायचं तर राखीव जागा ५० टक्क्यांपेक्षा कमी असाव्यात आणि किती कमी ते त्या त्या वेळच्या परिस्थितीवर ठरेल. 'ढोबळमानानं' हा भाग भाषणात कोणीच सांगत नाही, आणि तो सांगितलाच पाहिजे. पुढं १९९२ ला इंद्रा साहनी खटल्यात नऊ जजांच्या बेंचनं ५० टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली पण मागास आणि अतिमागास अशी वर्गवारी चालत नाही हे बालाजीतलं म्हणणं मान्य केलं नाही. तुमचं मत आरक्षणाच्या बाजूनं असो नाहीतर विरोधात, आधी हे वाचा, मग बोला.

शाळेतल्या पोरांसाठी केशव सिंगचं प्रकरण घ्या, गोष्टीसारखं सांगता येतं. उत्तर प्रदेश विधानसभेनं केशव सिंगला हक्कभंगासाठी तुरुंगात टाकलं, हायकोर्टाच्या दोन जजांनी जामीन दिला, तर विधानसभेनं त्या जजांनाच पकडून सभागृहापुढं आणायचा ठराव केला! हायकोर्टाचे सगळे २८ जज एकत्र बसले आणि स्थगिती दिली. राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागितलं, आणि सप्टेंबर १९६४ मध्ये गजेंद्रगडकरांनी बहुमताचं मत लिहिलं की जजांनी सभागृहाचा अवमान केलेला नाही.

लॉ वाल्यांनी एक जास्तीचं काम करा, त्यांच्या विरुद्ध बाजूचं पण वाचा. सज्जन सिंग खटल्यात (१९६४) पाचही जजांनी घटनादुरुस्तीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्क बदलता येतात असं गजेंद्रगडकरांनी बहुमतासाठी लिहिलं, पण न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी वेगळं लिहून शंका काढल्या, घटनेचं मूळ वैशिष्ट्यच बदललं तर ती दुरुस्ती म्हणायची का असं मुधोळकरांनी विचारलं. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला, म्हणजे घटनेची मूळ चौकट दुरुस्तीनं मोडता येत नाही, त्याची चाहूल तिथं आहे. आपल्या गावचा माणूस म्हणून हे झाकून ठेवू नका, मोठ्या जजाचा अभ्यास असाच होतो.

सात मिनिटांचं भाषण असेल तर चरित्राला एक मिनिट, एका निकालाला चार, वेगळ्या मताला एक, आणि एक हाताशी ठेवा. दोन निकाल कोंबू नका. सायटेशन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा कारण परीक्षक विचारतात, आणि प्रोजेक्ट असेल तर ज्या परिच्छेदावरून लिहिलंय त्याची प्रिंट मागं जोडा, मराठी मात्र स्वतः करा, मशीनचं भाषांतर कायद्याच्या वाक्यात 'शकेल'चं 'पाहिजे' करून ठेवू शकतं.