व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची तयारी: आधी पावसाचा हिशेब

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान साधारणपणे १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते; परंतु फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो आणि नेमक्या याच दिवसांत हृषीकेश-गोविंदघाट रस्त्यावर दरडी कोसळतात. म्हणून यादीत सर्वांत आधी राखीव दिवस लिहावेत, जाताना एक आणि परतताना एक. डोंगर उतरण्याच्या दिवशीच परतीच्या विमानाचे तिकीट काढणे हा निव्वळ जुगार आहे. पाऊस टाळण्यासाठी जूनच्या आरंभी जाणाऱ्यांनी बर्फ अधिक आणि फुले थोडी, हे मनाशी धरूनच जावे.

हृषीकेशहून पहाटे निघावे, कारण पहाडी रस्त्यांवर रात्रीची वाहतूक बंद ठेवली जाते. जोशीमठला मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशीची चाल सकाळीच सुरू करता येते. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीप मिळते आणि पुढे घांगरिया या उद्यानाजवळच्या मुक्कामाच्या गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढण आहे. ती पायी किंवा खेचरावरून पार करता येते. मात्र उद्यानात खेचरे नेऊ देत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांनी या टप्प्याचा विचार घरीच करावा.

उद्यानात मुक्कामाला परवानगी नसल्याने घांगरियात किमान चार रात्रींची खोली आधीच ठरवावी, म्हणजे एक दिवस फुलांसाठी, एक हेमकुंड साहिब या तलावाकाठच्या शीख गुरुद्वारासाठी ठेवता येतो आणि मुसळधार पावसात एक दिवस वाया गेला तरी बेत मोडत नाही. प्रवेशाचा परवाना वन विभागाच्या चौकीवर मिळतो. त्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ असावे. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळपूर्वी बाहेर पडावे लागते, म्हणून फाटक उघडताच आत जाणे उत्तम. आत खाण्याचे दुकान नाही. डबा आणि पाणी सोबत न्यावे, कचरा परत आणावा.

कपड्यांत जीन्स नकोच, कारण ती भिजली की वाळत नाही. चांगला रेनकोट, पाठपिशवीचे आवरण, लोकरी मोज्यांचे जादा जोड आणि पायाला रुळलेले, ओल्या दगडावर पकड घेणारे बूट यांवर खर्च करावा. रस्त्यात मिळणारा पातळ पोंचो फार तर एक दिवस टिकतो. विजेरी, पॉवर बँक, नेहमीची औषधे आणि पुरेशी रोख रक्कम हवीच.

हेमकुंड ४,३०० मीटरपेक्षा उंचावर आहे. घांगरियाहून एकाच दिवसात हजार मीटरहून अधिक चढून परतावे लागते, कारण यात्रेकरूंना वर राहता येत नाही. म्हणून तो दिवस फुलांच्या दिवसानंतर ठेवावा, हृदयविकार किंवा दमा असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा आणि वर डोकेदुखी व मळमळ वाढू लागल्यास तलाव कितीही जवळ आला असला तरी खाली उतरावे.