वावरातून आल्याआल्या बीपी मोजू नका

कापूस वेचून माणूस उपकेंद्रात येतो अन् लगेच दंडाला पट्टा बांधून घेतो. तो आकडा चढाच येणार. आधी पाठ टेकवून ५ मिनिटं गप्प बसा. त्याआधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा नको. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. लघवी लागली असेल तर जाऊन या. पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको, हात छातीच्या पातळीला टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढतो. मिनिटभरानं पुन्हा मोजा अन् दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पहिल्या खेपेला दोन्ही हात तपासा. ज्याचा जास्त, तोच हात पुढे धरा.

१२०/८० च्या खाली उत्तम. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ च्या वर येत राहिलं, तर डॉक्टरांकडे जा. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं मुळीच नाही. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी मोजाच. घरात आईवडिलांना बीपी असेल तर त्याआधीपासून.

गरोदर बाईचं प्रत्येक तपासणीला मोजायचं. पाच महिन्यांनंतर १४०/९० आलं, किंवा डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, तर उद्यावर ढकलू नका.

साठीनंतर रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे वरचाच आकडा वाढतो. ‘म्हातारपणी एवढं असायचंच’ म्हणून सोडू नका. मात्र म्हाताऱ्या माणसाचं उभं करूनही मोजा. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० नं घसरला तर चक्कर येऊन पडायची भीती असते.

मीठ दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, सगळं धरून. आपल्याकडे ते भाजीतून तर जातंच, शिवाय लोणचं, पापड, ठेचा, कुरडई यांतूनही जातं. सैंधवानं बीपी उतरत नाही, तेही मीठच. अन् एक गोष्ट कुणी सांगत नाही: कंबरदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी चढतं, मूत्रपिंडही खराब होतं.

बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते. बीपी ताब्यात आहे ते गोळीमुळेच. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजले तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील. वेचणीच्या हंगामात गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच आणून ठेवा.

मे महिन्यात ऊन ४५ अंशांवर गेलं की घामानं बीपी उतरतं. लघवीची गोळी चालू असणाऱ्यांना जास्तच. चक्कर येत असेल तर बसून, मग उभं राहून मोजा अन् तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या वर आकडा अन् छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा एक बाजू लुळी पडणं यातलं काही दिसलं, तर थांबू नका, १०८ ला फोन लावा.