परीक्षा पण आणि दोस्ती पण, दोन्ही कसं सांभाळायचं

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की दोन टाइपची माणसं दिसायला लागतात. एक जण सगळ्या ग्रुपमधून लेफ्ट होतो, डीपी काढतो, खोलीचं दार लावून गायब. दुसरा 'अजून दहा दिवस आहेत रे' म्हणत प्रत्येक प्लॅनला हजर. मी दोन्ही करून झालंय. ज्या सेमिस्टरला गायब झालो त्या वेळी चौथ्याच दिवशी पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसलो होतो आणि डोक्यात काय, तर तिकडे सगळे काय करत असतील. मित्रांना भेटण्यात जेवढा वेळ गेला नसता त्याहून जास्त त्यात गेला. म्हणजे धड अभ्यास नाही, धड गप्पा नाहीत, हा जो मधला प्रकार असतो ना, तोच बंद करायचा. कसा ते सांगतो.

आधी एक कागद घ्या, मोबाईल नको, कागदच. त्यावर पेपरच्या तारखा, मधल्या गॅप आणि ज्या गोष्टी टाळताच येणार नाहीत त्या (जवळच्या माणसाचा वाढदिवस, घरचं लग्न वगैरे) एकत्र लिहा. मग दिवसाचा प्रामाणिक हिशोब करा. 24 तासांतले 8 झोपेचे, 4 आंघोळ, जेवण, येणंजाणं यात गेले, उरले 12. बारा तास मन लावून कोणीच अभ्यास करत नाही, करतो म्हणणारे पण नाही. सहा-सात तास खरोखर झाले तरी खूप झालं. बाकीचे पाच-सहा तास तसेही कुठेतरी जाणारच आहेत, मग ते कुठे घालवायचे हे आपणच ठरवलेलं बरं.

आता भेटीगाठी त्या कागदावर टाका. माझ्या मते बेस्ट वेळ म्हणजे पेपर झाल्यावरची संध्याकाळ, पुढच्या पेपरला निदान एक दिवस गॅप असेल तर. डोकं तसंही थकलेलं असतं, पुस्तक हातात घेऊन काही होत नाही. पण भेटायला जाताना सुटायची वेळ आधीच सांगून टाका, 'मी आठला निघणार' असं पोचल्या पोचल्या, निघताना नाही, कारण निघताना सांगितलं की 'थांब रे पाच मिनिटं' सुरू होतं आणि ती पाच मिनिटं अकरा वाजता संपतात. पेपरच्या आदल्या रात्री मात्र कोणीही कितीही गळ घातली तरी नाही. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते, ती मारून काही मिळत नाही.

नाही म्हणायचं कसं, हा खरा अवघड भाग. लोक नकाराने रागावत नाहीत, रिप्लाय न दिल्याने रागावतात. म्हणून परीक्षा सुरू व्हायच्या आधीच एक मेसेज टाकून द्या: '18 ला माझा शेवटचा पेपर आहे, तोपर्यंत फोन दिवसातून दोनदाच बघणार, 18 ला संध्याकाळी मी पूर्ण फ्री.' तारीख दिली की समोरच्याला कळतं की हा टाळत नाहीये. घरच्यांना पण हेच, रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं फोन करायचा असं ठरवून टाका, मग आई दुपारी तीनदा फोन करून 'जेवलास का' विचारणार नाही (विचारेल, पण कमी). आणि गर्लफ्रेंड किंवा बॉयफ्रेंड असेल तर हे मेसेजवर नको, समोरासमोर सांगा.

फोनचं सोपं आहे. ग्रुप म्यूट करा, फक्त परीक्षेच्या नोटिसा येतात तो ग्रुप चालू ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. सलग बसवत नसेल तर पोमोडोरो करून बघा, फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या माणसाने विद्यार्थी असताना 1980 च्या दशकात शोधलेली पद्धत, 25 मिनिटं काम, 5 मिनिटं ब्रेक. ब्रेकमध्ये फोन घेऊ नका एवढंच, पाच मिनिटांचा रील बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता ग्रुप स्टडी. बहुतेक वेळा हा नावालाच स्टडी असतो हे सगळ्यांना माहितीये, पण नीट केला तर अभ्यास आणि भेट दोन्ही एकाच वेळात होतं. तीन-चार जणच घ्या, सहा झाले की पिकनिक. प्रत्येकाने टॉपिक घरून वाचूनच यायचं, तिथे येऊन वाचायचं नाही. मग पुस्तकं बंद आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे, किंवा एकाने उभं राहून समजावून सांगायचं, बाकीच्यांनी अडवायचं. हे नुसती मजा म्हणून नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोग केला होता, त्यात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या टेस्टमध्ये पुढे होते, पण आठवड्यानंतर बघितलं तर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. एकट्याने स्वतःला प्रश्न विचारायचा कंटाळा येतो, चौघांत येत नाही, उलट मित्रासमोर उत्तर चुकलं की ते जन्मभर विसरत नाही. तासभर हे झालं की अर्धा तास मनसोक्त गप्पा, बिनधास्त.

पेपर सुटल्यावर गेटजवळ जो घोळका जमतो, 'तिसऱ्याचं उत्तर काय आलं तुझं' वाला, तिथून मात्र सरळ निघा. मित्रांना भेटायचंय ना, मग अट घाला, झालेल्या पेपरबद्दल बोलणारा आऊट.

आणि एखाद्या दिवशी सगळं फिसकटलं, आठला निघायचं ते बारा झाले, तर रात्र जागून भरून काढायला जाऊ नका, दुसरा दिवसही जातो. झोपा. सकाळी तोच कागद काढा, सगळ्यात कमी मार्कांचा टॉपिक खोडा आणि पुढच्याला लागा.